पावसातली रात्र, तीन भिंतींचा निवारा आणि थरथर थांबलेली मैत्रीण

ओलीवाट:

परत येऊन दोन आठवडे झाले. लिहू की नको असं चाललं होतं, कारण सांगण्यासारखं वाईट काही शेवटी घडलं नाही. पण घडायला फार थोडं बाकी होतं, आणि ते माझ्या लक्षात यायला जो वेळ लागला तो अजून मला झोपू देत नाही. म्हणून सविस्तर लिहितेय.

मी आणि माझी मैत्रीण, दोघीच. दोन दिवस, एक रात्र. जंगलातून जाणारी खुणांची पायवाट, साधारण १४ किलोमीटरवर एक निवारा, तिथे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेनं परत. जागेचं नाव मुद्दाम देत नाही. असे छोटे निवारे नाव फुटलं की गर्दीनं खराब होतात, आणि जे सांगायचंय ते कुठल्याही जंगलात तसंच लागू आहे.

हवामानाच्या अंदाजात दुपारनंतर हलका पाऊस होता. तो सकाळी अकरालाच सुरू झाला, आणि हलका नव्हता. तापमान नऊ-दहा अंशांच्या आसपास. ही बर्फाची थंडी नव्हे, आणि इथेच आम्ही फसलो. दहा अंशांत कोणी गारठून आजारी पडेल असं मनातसुद्धा येत नाही.

माझ्या मैत्रिणीचा रेनकोट जुना. पहिला तासभर थेंब त्यावरून ओघळत होते, मग बाहेरचं कापडच पाणी प्यायला लागलं आणि अंगाला चिकटलं. आत सुती शर्ट. चढावर तिला घाम आला होता, म्हणजे आतूनही ओली आणि बाहेरूनही. दुपारी एका मोठ्या झाडाखाली थांबलो तेव्हा ती म्हणाली, "परत फिरूया का?" मी म्हटलं, "अगं, निम्म्याच्या पुढे आलोय, आता निवाराच जवळ आहे." अंतराच्या हिशेबानं ते खरंच होतं. तिचा चेहरा मात्र मी नीट पाहिला नाही.

त्यानंतर ती बोलायची थांबली. एरवी वाटेत तिची बडबड अखंड चालू असते. मी काही विचारलं तर "हं" एवढंच. खाऊ पुढे केला तर नको म्हणाली. मुळांवर दोनदा अडखळली. मला वाटलं, रागावलीय. परत फिरायचं मी ऐकलं नाही म्हणून रागावलीय. आणि रागावलेल्या माणसाशी मी जसं वागते तसंच वागले, म्हणजे गप्प राहून दहा पावलं पुढे चालत राहिले. जवळजवळ दीड तास. तो दीड तास मला परत मिळाला तर मी दर पाच मिनिटांनी मागे वळून तिच्याकडे बघेन.

साडेचारला निवारा दिसला. तीन बाजूंनी लाकडी ओंडक्यांच्या भिंती, वर उतरतं पत्र्याचं छप्पर, जमिनीपासून गुडघाभर उंच फळ्या आणि चौथी बाजू सताड उघडी. मला इतका आनंद झाला! सॅक टाकली, दोरी बांधली, रेनकोट वाळत घातला, ओल्या वस्तू वेगळ्या करायला लागले. ती फळीच्या कडेला बसली होती. बूट पायात, ओले कपडे अंगावर, सॅकसुद्धा पाठीवर. मी विचारलं, "थंडी वाजतेय का गं?" ती म्हणाली, "नाही. आता बरं वाटतंय."

आणि खरंच, ती थरथरत नव्हती. तासाभरापूर्वी तिचे दात वाजत होते ते मी ऐकले होते. मला वाटलं, चला, बरं झालं, सावरली.

"सॅक काढ की," म्हटलं. तिनं छातीवरच्या पट्ट्याचं बक्कल धरलं. बोटं त्यावर ठेवली आणि नुसती बघत राहिली. दाबता येईना. परत प्रयत्न केला, परत निसटलं. मग तिनं हात मांडीवर ठेवले आणि सोडून दिलं, जणू ते बक्कल कोणा दुसऱ्याचं होतं. तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. रागावलेल्या माणसाला बक्कल उघडता येतं.

पुढचं सगळं भराभर. तिचे ओले कपडे काढले, अगदी मोजेसुद्धा. माझा कोरडा लोकरी अंगरखा आणि टोपी घातली. खाली दोन्ही मॅट एकावर एक. तिची स्लीपिंग बॅग उघडली तर पायाकडचा निम्मा भाग ओला. सॅकवर पावसाचं कव्हर होतं, पण पाणी पाठीवरून ओघळून आत शिरलं होतं. पिसांची बॅग ओली झाली की तिचा गोळा होतो, फुगत नाही आणि ऊबही देत नाही. माझी बॅग कृत्रिम धाग्यांची, जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली, पूर्ण कोरडी होती. तिला त्यात घातलं. उघड्या बाजूला ताडपत्री बांधून वारा अडवला, स्टोव्ह पेटवला, पाणी तापवलं. दोन बाटल्या भरल्या, मोज्यांत गुंडाळल्या, एकेक काखेत दिली. ती नीट जागी होती, गिळू शकत होती, म्हणून गरम पाण्यात भरपूर साखर घालून घोट घोट पाजलं.

वीस-पंचवीस मिनिटांनी ती थरथरायला लागली. अख्खी फळी हलत होती. ती थरथर परत आली आणि माझ्या जिवात जीव आला.

नीट वाक्यात बोलायला लागायला आणखी तासभर गेला. पहिलं पूर्ण वाक्य होतं, "तू काही खाल्लंस का?"

रात्रभर पत्र्यावर पाऊस कोसळत होता. इतका आवाज की शेजारी बसून ओरडून बोलावं लागत होतं. तिच्या अंगावरची बॅग नीट आहे ना हे बघत मी जागीच होते. टॉर्चच्या उजेडात निवाऱ्यातली नोंदवही वाचली. कोणी कोणी काय काय लिहून गेलेलं: पाणी कुठे आहे, कुठलं झाड पडलंय, कोणाचा एक हातमोजा राहिलाय. पहाटे आवाज कमी झाला तेव्हा दुसरा आवाज ऐकू आला, ओढ्याचा. येताना ज्यात दगडांवर पाय ठेवत ओलांडलं होतं, तो. त्याबद्दल खाली विचाराल तर लिहीन, आता एवढंच.

---

काजवा:

वाचताना श्वास रोखला गेला. दोघी सुखरूप आहात हे पहिलं महत्त्वाचं. "रागावलेल्या माणसाला बक्कल उघडता येतं" हे वाक्य मी लक्षात ठेवणार आहे.

---

शिशिर:

मी वैद्यकीय क्षेत्रात आहे, म्हणून थोडं सविस्तर. शरीराच्या गाभ्याचं तापमान साधारण ३७ अंश असतं. ते ३५ च्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फ लागत नाही. पाऊस, वारा, ओले कपडे आणि थकवा एवढं जमलं की दहा अंशांतही होतो. हवेपेक्षा पाणी उष्णता सुमारे २५ पट वेगानं वाहून नेतं. ओला सुती शर्ट म्हणजे अंगभर लावलेली ओली पट्टीच.

तुम्ही जी लक्षणं लिहिली आहेत ती अगदी क्रमानं आहेत. आधी थरथर. मग अडखळणं, तुटक बोलणं, हातातून वस्तू निसटणं आणि चिडचिड किंवा गप्पगप्प होणं. मेंदू गारठायला लागला की माणसाचा स्वभाव बदलल्यासारखा वाटतो, आणि बरोबरचा माणूस त्याचा अर्थ "रुसलाय" असा लावतो. हे फार जणांचं होतं. स्वतःला दोष देऊ नका. आणि ज्याला होतंय त्याला स्वतःचं कळत नाही, म्हणून "थंडी वाजतेय का?" या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबू नये. काहीतरी करायला सांगावं. अंगठा करंगळीला लावून दाखव, दहा पावलं सरळ चाल. तुमच्या बाबतीत बक्कलानं ते काम केलं.

थरथर थांबण्याबद्दल: ती दोन कारणांनी थांबते. माणूस गरम झाला म्हणून, किंवा शरीराकडे थरथरायला ताकद उरली नाही म्हणून. तापमान साधारण ३२ अंशांजवळ आलं की थरथर कमी होत बंद पडते. उपाशी आणि दमलेल्या माणसात ती त्याआधीही मंदावू शकते. तुमच्या मैत्रिणीनं दुपारपासून खाल्लं नव्हतं, आणि ऊब व साखर मिळाल्यावर ती लवकर थरथरायला लागली, त्यावरून बहुधा भूक आणि थकव्यानंच थरथर मंदावली असावी. अंग ओलं, वाऱ्यात बसलेली आणि थरथर बंद, हे दिसलं की बरं वाटतंय असं कधीही समजू नये.

बाटल्या कापडात गुंडाळल्या हे बरोबर केलंत, थेट कातडीला लावल्या तर भाजतं आणि बधिर अंगाला ते कळतही नाही. हातपाय चोळले नाहीत हेही उत्तम. पेंगणाऱ्या माणसाला मात्र तोंडातून काही देऊ नये. आणि ऊब येईल म्हणून दारू तर मुळीच नाही. तिनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटतं, पण आतली उष्णता उलट बाहेर पडते.

---

पाचोळा:

धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद. तरी एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ताडपत्रीनं उघडी बाजू बंद करून आत स्टोव्ह पेटवलात, हे मला बक्कलाइतकंच भीतिदायक वाटलं. कोंडलेल्या जागेत स्टोव्हमधून कार्बन मोनॉक्साइड साठतो. वास नाही, रंग नाही. डोकं दुखणं, गरगरणं, गुंगी ही त्याचीही लक्षणं. अशा वेळी गुंगी थंडीमुळे आहे की वायूमुळे हे तुम्हाला कळलंच नसतं. ओंडक्यांच्या भिंतींना फटी असतील म्हणून निभावलं.

---

ओलीवाट:

@पाचोळा, राग कसला. ताडपत्रीची एक कड मी हातभर उघडी ठेवली होती आणि स्टोव्ह त्या कडेलाच होता. पण ते वायूचा विचार करून नव्हे, वाफ बाहेर जावी म्हणून. तुम्ही लिहिलंय ते त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हतं. पुढच्या वेळी स्टोव्ह ताडपत्रीच्या बाहेर, छपराच्या कडेखाली.

@शिशिर, तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. अंगठा-करंगळीची परीक्षा आम्ही आता दर विश्रांतीला घेणार.

---

दिगंत:

या प्रकारच्या निवाऱ्यांबद्दल थोडं. तीन भिंती आणि एक बाजू उघडी ही रचना अपुरी बांधल्यामुळे नसते, ती मुद्दाम तशी असते. उघड्या बाजूसमोर शेकोटी करायची आणि तिची धग आत घ्यायची, ही जुनी कल्पना. फिनलंडमध्ये अशा निवाऱ्याला लावू म्हणतात. अमेरिकेत ॲडिरॉन्डॅकच्या जंगलात ओंडक्यांचे असेच निवारे आहेत. तिथल्याच ॲपलाचियन ट्रेल या लांब पायवाटेची कल्पना बेंटन मकाय यांनी १९२१ मध्ये मांडली, १९३७ मध्ये ती वाट पूर्ण झाली. सुमारे ३,५०० किलोमीटरच्या त्या वाटेवर असे अडीचशेहून जास्त निवारे आहेत. तिथे मुख्य वाटेच्या खुणा पांढऱ्या आणि निवाऱ्याकडे किंवा पाण्याकडे वळणाऱ्या फाट्यांच्या निळ्या. स्कॉटलंडमध्ये मात्र चार भिंती आणि दार असलेल्या जुन्या दगडी झोपड्या, म्हणजे बॉथी, सांभाळतात. त्यासाठी १९६५ मध्ये माउंटन बॉथीज असोसिएशन स्थापन झाली. ती कामं आजही मुख्यतः स्वयंसेवक करतात.

सांगायचं कारण असं, की उघड्या बाजूचा निवारा म्हणजे छप्पर. घर नव्हे. वारा त्या बाजूनं असेल तर आत बसूनही गारठा चालूच राहतो. पोचल्यावर पहिली दहा मिनिटं कोरडे कपडे, टोपी आणि खाणं यांचीच. दोरी बांधणं, वस्तू लावणं वगैरे नंतर.

---

मुक्तछंद:

ताडपत्री लावण्याबद्दल एक शंका. निवाऱ्यात आणखी कोणी आलं असतं तर? आम्ही एकदा भिजून पोचलो तर आत दोघांनी चक्क तंबू उभारला होता, आठ माणसांच्या जागेत. आम्ही बाहेर चिखलात.

---

ओलीवाट:

कोणी आलं असतं तर आधी त्यांना आत घेतलं असतं, ताडपत्री सगळ्यांसाठीच होती. तंबू आत उभारणं मला अजिबात पटत नाही, विशेषतः पावसात. निवारा आधी येणाऱ्याचा नसतो, भिजलेल्याचा असतो.

---

उंबरठा:

ओढ्याचं पुढे काय झालं ते लिहा ना. विचाराल तर लिहीन म्हणालात.

---

ओलीवाट:

लिहिते. सकाळी सात वाजता पाऊस रिमझिम होता. ओढ्यापाशी गेलो तर पाणी तपकिरी, येतानाचे दगड दिसेनासे, आणि पाण्याखाली दगड गडगडत असल्याचा आवाज. तो आवाज नुसता कानांत नाही, पायांतून कळत होता. मैत्रीण म्हणाली, "आपण हात धरून जाऊ शकतो." पाणी मांडीपर्यंत असेल. मला सोमवारी कामावर जायचं होतं, घरी फोन लागत नव्हता, आणि आदल्या दिवशी जशी मी "आता निवाराच जवळ आहे" म्हणाले होते, तसंच "आता गाडीच जवळ आहे" हे ओठांवर आलं होतं.

या वेळी मी तिच्याकडे बघितलं. रात्री ज्या अवस्थेतून ती गेली होती, त्यानंतर तिला पुन्हा कमरेपर्यंत भिजवायचं? नाही म्हटलं. परत निवाऱ्यात गेलो, तिला बॅगेत बसवलं, उरलेलं सगळं खाल्लं. पाणी किती उतरतंय ते कळावं म्हणून डोळ्यानं एक खूण धरली: काठावरचा एक मोठा दगड. नऊला तो बुडालेला होता. साडेअकराला त्याचा माथा दिसला. दोन वाजता तो अर्धा उघडा पडला, पाणी निवळलं आणि तळ दिसायला लागला. तेव्हा ओलांडलं, गुडघ्याच्या खालून. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडून, म्हणजे पडलोच तर सॅक टाकून देता येईल.

---

दिगंत:

अगदी योग्य. छोट्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र लहान असतं, म्हणून तो झपाट्यानं चढतो आणि पाऊस थांबल्यावर तसाच झपाट्यानं उतरतो. थांबायची तयारी असेल तर बहुतेक वेळा काही तासांत वाट मोकळी होते. आणि वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, वेग दुप्पट झाला की जोर चौपट. कालचं गुडघाभर आणि आजचं गुडघाभर पाणी एक नसतं. दगड गडगडताना ऐकू आले की ओलांडायचा विषय संपला.

---

मृद्गंध:

शेकोटी करायचा प्रयत्न केला नाहीत का? भिजलेल्या जंगलातही होते, पण हाताशी वेळ हवा. जमिनीवर पडलेलं लाकूड सोडायचं, उभं वाळलेलं किंवा फांद्यांत अडकलेलं घ्यायचं आणि ते फाडायचं. बाहेरून चिंब असलं तरी गाभा कोरडा निघतो. भूर्जाची झाडं असतील तर खाली गळून पडलेली साल गोळा करायची. ज्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या त्याच कुळातलं झाड. सालीत तेलकट द्रव्य असतं, त्यामुळे ती ओलीसुद्धा पेटते. जिवंत झाडाची साल मात्र कधीही सोलू नये. आणि शेकोटीला परवानगी आहे का, हे आधी बघून ठेवावं.

---

ओलीवाट:

नाही केली. माझे हातही थरथरत होते आणि तिला सोडून लाकडं शोधत फिरणं नको वाटलं. स्टोव्हनं काम भागलं.

---

काजवा:

वीज नव्हती ना त्या रात्री? विचारते कारण अशा उघड्या निवाऱ्यात विजेपासून संरक्षण मिळत नाही, हे मला फार उशिरा कळलं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ लागला तर ती साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे पोचण्याइतकी जवळ. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच निघायचं.

---

ओलीवाट:

वीज नव्हती, नशीब. उंदीर होते. खाण्याची पिशवी छपराला टांगलेल्या दोरीवर अडकवली होती. तिथे आधीच कोणीतरी दोरीत उलटा डबा ओवून ठेवला होता, त्यावरून उंदरांना खाली उतरता येत नाही. ज्यानं तो लावला त्याला मनोमन नमस्कार केला.

---

शिशिर:

उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नका एवढं इथेच सांगतो. काही प्रदेशांत त्या धुळीतून हँटाव्हायरस पसरतो. आधी ओलं करून मग पुसायचं. आणि एक राहिलंच: फोन लागत नव्हता म्हणालात, तर घरी कोणाला ठरलेल्या वेळेची कल्पना होती का?

---

ओलीवाट:

कुठे जातोय ते सांगितलं होतं. किती वाजेपर्यंत परत आलो नाही तर कोणाला कळवायचं, ते सांगितलं नव्हतं. घरचे त्या दुपारी किती घाबरले असतील याचा विचार करवत नाही. आता कागदावर लिहून देऊन निघते: वाट, मुक्काम, परतीची वेळ, आणि त्यानंतर किती तास वाट बघायची तेही.

---

झुळूक:

या धाग्यासाठी इथे सभासद झाले. मीच ती मैत्रीण.

तिनं सगळं खरं लिहिलंय, एक सोडून. तिला वाटलं मी रागावले होते. मी रागावले नव्हते. झाडाखाली परत फिरायचं विचारलं तेव्हाच मला बोटं जाणवत नव्हती, आणि ते मी सांगितलं नाही. या सहलीसाठी तिनं महिनाभर तयारी केली होती. माझ्या जुन्या रेनकोटपायी ती वाया जायला नको, एवढंच डोक्यात होतं. तुला कळायला हवं होतं असं तू स्वतःला म्हणतेस, पण मी लपवत होते गं.

नंतरचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. बक्कल आठवतं. ते उघडायचं कसं हे मला माहीत होतं, बोटांना माहीत नव्हतं. थंडी अजिबात वाटत नव्हती, फक्त तिथे बसून राहावंसं वाटत होतं आणि ते फार छान वाटत होतं. मला सगळ्यात भीती त्याचीच वाटते.

नवा रेनकोट घेतलाय. सुती शर्ट घरी. सॅकच्या आत आता माझ्याकडेही जाड पिशवी आहे.

---

ओलीवाट:

तू हे मला का नाही सांगितलंस अजून? फोन करते.

---

उंबरठा:

दोघींनाही खूप शुभेच्छा. नोंदवहीत काय लिहून आलात?

---

झुळूक:

तिनं पूर्ण पान लिहिलं, ते तिचं ती सांगेल. मी खाली दोन ओळी लिहिल्या: उजव्या कोपऱ्यात छप्पर गळतं, डोकं डावीकडे करून झोपा. ओढा चढला असेल तर काठावरचा मोठा दगड बघत बसा, तो उघडा पडेपर्यंत थांबा.